नेमाचे दान

खेड्यांतील आपल्या मंडळ्यांत दानाचा विषय निघाला की दोन उत्तरे बहुधा ऐकू येतात. एक म्हणतो, "आमच्याच घरी पुरत नाही, तेथे दुसऱ्यास काय द्यावे?" दुसरा म्हणतो, "आमच्या पाच-दहा रुपयांनी कोणाचे काय भले होणार?" पहिल्या उत्तरात अडचण आहे व दुसऱ्यात निराशा आहे. दोन्ही मनापासून दिलेली असतात, म्हणून ती बोलणाऱ्यास कृपण म्हणून झिडकारणे योग्य नव्हे. गरिबाच्या थोड्या देण्याने खरोखर कोणास साहाय्य होते काय, की ते केवळ देणाऱ्याच्या मनाचे समाधान असते, ह्या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू. पुणे शहर आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. कोणी तेथे बाजारास जातो, कोणी दवाखान्यात, कोणाची मुले तेथे शिकतात. त्याच शहरातील काही गोष्टी ह्या विचारास उपयोगी पडतील.

जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थ्यांनी वार लावून जेवण्याची रीत होती. खेड्यातून आलेल्या मुलाजवळ खाणावळीस पैसे नसत. मग सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी तो जेवी, आणि शाळा पुरी करी. ज्यांस वार मिळत नसत ते झोळी घेऊन मधुकरी मागत. ह्या रीतीतील हिशेब पाहण्याजोगा आहे. वार देणारे घर श्रीमंत असावे लागत नसे. आठवड्यातून एक दिवस एक पान अधिक वाढणे एवढेच त्याचे काम. वर्षाचे ५२ दिवस एका घराचे, आणि सात घरे मिळून एका मुलाचे सबंध वर्ष. त्यांपैकी एकाही घरास तो मुलगा एकट्याने पोसवला नसता. परंतु सातांनी आपापला वार पाळला म्हणून तो शिकला. मुलाचा भरवसा अन्नाच्या राशीवर नव्हता, मंगळवारी मंगळवारचे दार उघडेल ह्या खात्रीवर होता. एका मंगळवारी दोन पक्वान्ने आणि पुढच्या मंगळवारी बंद दार, असे झाले असते तर त्या पक्वान्नांचा त्यास काय उपयोग?

ह्या रीतीत दोष नव्हते असे मात्र आम्ही म्हणत नाही. वार बहुधा ब्राह्मणांच्या घरी ब्राह्मण मुलांसच मिळत. आपल्यापैकी अनेकांच्या आजापणजांस त्या ओट्यावर पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती. शिवाय रोज परक्या दारी पानावर बसणाऱ्या मुलाच्या मनास काय वाटत असेल, हे ज्याने मागून खाल्ले आहे त्यास सांगावे लागत नाही. तेव्हा नेम कसा पाळावा हे त्या घरांपासून शिकावे, आणि आपले दार कोणासाठी उघडते हे आपण स्वतःस विचारावे. पुढे पुण्यात ह्या कामी संस्था निघाल्या. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. १९५५ साली खेड्यांतून येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली. तिच्या स्थापनेत अच्युतराव आपटे यांचा पुढाकार होता. वसतिगृह झाले म्हणजे मुलास दारोदार जावे लागत नाही. परंतु वसतिगृहाची चूलही नेमाने देणाऱ्यांच्या बळावरच पेटते.

आता "आमच्या थोड्याने काय होणार" ह्या दुसऱ्या उत्तराकडे वळू. गेल्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे नावाच्या एका शिक्षकांनी पैसा फंडाची कल्पना लोकांपुढे मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे ६४ माणसांनी दिले तेव्हा कोठे एक रुपया जमे. पुष्कळ लोकांस ते हसण्यासारखे वाटले असेल. परंतु अशाच पैशांतून पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला, आणि तेथे काचकाम शिकलेले कारागीर देशात इतरत्रही गेले. एका पैशाने काच होत नाही हे खरेच. पण एक पैसा देणारा मनुष्य एकटा नसतो. "माझ्या थोड्याने काय होणार" असे म्हणणारा आपण एकटेच आहोत असे गृहीत धरितो, आणि तेथेच त्याचा हिशेब चुकतो.

कोणी म्हणेल, संकट आले म्हणजे आम्ही देतोच. हे खरे आहे, आणि ते चांगलेही आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व मुठा नदीचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, तेव्हा लोकांनी अन्न, वस्त्र, निवारा जे जमेल ते दिले. परंतु पूर काही तासांत ओसरतो, आणि मोडलेला संसार काही तासांत उभा राहत नाही. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती वसवाव्या लागल्या. तेथे भांडीकुंडी, रोजगार, मुलांच्या शाळा ह्या चिंता पुढे दीर्घकाळ चालल्या. संकटाच्या दिवशी आपला हात आपोआप उघडतो, कारण डोळ्यांस दिसते. चवथ्या महिन्यात काही दिसत नाही, आणि गरज तर तशीच असते. त्या वेळी हात उघडा ठेवण्यास भावना पुरत नाही, नेम लागतो.

ह्याहून स्पष्ट उदाहरण ससून रुग्णालयाचे आहे. डेव्हिड ससून ह्या धनवान व्यापाऱ्याच्या देणगीतून ते बांधले गेले आणि १८६७ साली सुरू झाले. इतके मोठे दान आपल्या हातून घडणार नाही. परंतु त्या रुग्णालयात, किंवा कोणत्याही रुग्णालयात, अडलेल्या बाळंतिणीस रक्त लागले तर ते सोन्याच्या राशीनेही कारखान्यात तयार होत नाही. ते माणसानेच माणसास द्यावे लागते. एका वेळी बहुधा ३५० मिलिलिटर रक्त घेतात. १८ वर्षांवरील निरोगी पुरुषास तीन महिन्यांनी व स्त्रीस चार महिन्यांनी ते पुन्हा देता येते. आणि हे दान कोठारात फार दिवस राहत नाही: तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट अवघे ५ दिवस. म्हणून वर्षातून एकदा मोठे शिबिर भरवून, माळा घालून, छायाचित्रे काढून वर्षभराची सोय होत नाही. येथे मजूर आणि सावकार सारखेच श्रीमंत आहेत, आणि येथेही नेमाने येणाराच उपयोगी पडतो.

देण्याबरोबर देण्याची रीतही पाहिली पाहिजे. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे भोजनालय सुरू केले. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने निघालेल्या ह्या कामात कष्टकऱ्यास नफा न घेता स्वस्त भाकरी मिळावी हा हेतू होता. येथे जेवणारा पैसे देऊन जेवितो. थोडे का होईना, पण देतो, म्हणून त्याची मान खाली जात नाही. जे साहाय्य घेणाऱ्याची मान खाली घालिते, त्यातून पोट भरते पण मनुष्य लहान होतो. म्हणून शेजाऱ्यास धान्य द्यावयाचे तर चारचौघांत देऊ नये; आणि त्याने परत काही देऊ केले, एक जुडी भाजी का असेना, तर ती आनंदाने घ्यावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. मजुराची मजुरी थकवून उपासनेच्या थैलीत टाकलेली नोट दान नव्हे. ती मजुराची आहे. उधारी बुडवून केलेला धर्मही तसाच. आधी देणे फेडावे, मग दान करावे. तसेच स्वतःच्या लेकरास उपाशी निजवून दुसऱ्यास द्यावे असे कोणी कोणास सांगू नये. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण सर्व जाणतो. पण प्रभूने तिची वाखाणणी केली, ती तिच्याकडून आणखी मागण्याकरिता केली नाही. करिंथ येथील मंडळीस प्रेषित पौलाने दिलेली सूचना ह्या कामी फार व्यावहारिक आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. किती ते ठरवून दिलेले नाही. केव्हा ते मात्र ठरवून दिले आहे.

मिझोरामच्या डोंगराळ प्रदेशातील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली ह्याच तत्त्वावर एक चाल पाडली. स्वयंपाकास तांदूळ काढताना त्यांतील एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकावी, व ते तांदूळ मंडळीच्या कामी द्यावे. आपल्याकडे ज्वारी-बाजरी आहे. एक मूठ सुमारे ५० ग्रॅम धरली, तर महिन्यास एका घराची दीड किलो होते, आणि ५० घरांची ७५ किलो. एखाद्या निराधार म्हातारीची व आजारी माणसाच्या कुटुंबाची महिन्याची भाकर त्यातून निघून काही उरेलही. ही मूठ दळणाच्या आधी काढावी. उरल्यावर काढू म्हटले तर काहीच उरत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते.

ज्यास मूठही जड आहे त्याच्याजवळ दुसरे काही असते. ज्यास वाचता येते त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ शेजारच्या मुलांस द्यावी. ज्याने शहर पाहिले आहे त्याने दवाखान्यात प्रथमच जाणाऱ्यासोबत जावे, तेथील खिडक्या व कागद समजावून द्यावेत. ज्याचे अंग धड आहे त्याने विधवेच्या शेतात एक दिवस पाळी घालावी. जे द्यावयाचे त्याचा वार ठरवावा, आणि तो मोडू नये.

आपल्या मंडळ्यांनी दुसऱ्यांच्या देणग्यांतून पुष्कळ घेतले आहे. शाळा, दवाखाने, पुस्तके आपणांस कोणाच्या तरी नेमाने मिळाली. घेण्यात लाज नाही. परंतु जो केवळ घेतच राहतो, त्यास हळूहळू वाटू लागते की आपणांजवळ देण्याजोगे काहीच नाही, आणि ही सर्वांत वाईट गरिबी आहे. पहिली मूठ भांड्यात पडते त्या दिवशी ती गरिबी त्या घरातून निघू लागते. म्हणून गुरुजनांनी व पंचांनी ह्या महिन्यातच मंडळीपुढे हा विषय काढावा, आणि प्रत्येक घराने आपला वार व आपले माप स्वतः ठरवावे, अशी आमची विनंती आहे.