साधेपणा कुणाचा?

पोलंडच्या शहरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्वस्तातल्या गुत्त्यांची एक नवी तऱ्हा निघाली आहे. नाव अगदी सरळ, 'पियाल्न्या वूत्की इ पिवा', म्हणजे वोडका आणि बिअर पिण्याची जागा. उंच टेबलं, स्टुलं, सुरुवातीला 4 झ्लॉटीला एक पेला, सोबत खारवलेला मासा. भिंतींना कम्युनिस्ट काळातली जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली. थाटमाट काही नाही. तोच तिचा थाट.

मद्य, मांस, मधु यांचा त्याग ही श्रावकाच्या आचाराची पहिली पायरी, त्यामुळे पेल्यातल्या वस्तूबद्दल माझं मत वेगळं सांगायला नको. मला विचारात पाडलं ते भिंतीवरच्या त्या वर्तमानपत्रांनी.

ती ज्या काळातली आहेत, तो काळ तिथल्या बायकांनी रांगांत उभं राहून काढला. 1981 साली मांस रेशन कार्डावर आलं, साखर, साबण, वोडकासुद्धा कार्डावर. 1982 च्या कायद्यानं दुपारी एकच्या आधी दारू विकायला बंदी घातली. म्हणून माणसं निर्व्यसनी झाली का? नाही, ती एक वाजायची वाट बघू लागली. बाहेरून घातलेली बंदी आणि आतून घेतलेलं व्रत यांत हाच फरक असतो. असून सोडलं तर त्याग. मिळालंच नाही, तर तो अभाव. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, ताटात दोन्हीकडे कमीच असतं.

आता तोच अभाव सजावट होऊन आलाय. ज्यानं रांग पाहिली नाही तो तरुण रांगेच्या काळातल्या भिंतीला टेकून पितो. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. खिशात चार पैसे असलेल्या विद्यार्थ्यालाही तिथे जागा मिळते, भाव सगळ्यांना एकच, आणि कोण कुणाचा हे कुणी विचारत नाही. एवढं चांगलं आहे, ते चांगलंच म्हणायला हवं. पण जगून पाहायचा साधेपणा आणि तासभर बसून बघायचा साधेपणा एक नव्हे.

त्याच देशात दुसरी एक साधी जागा आहे, 'बार म्लेच्नी', दुधाचा बार. पहिला वॉर्सात 1896 मध्ये निघाला. दूध, पीठ, भाज्या यांचे पदार्थ, त्यांना सरकारी अनुदान, म्हणून पेन्शनवरच्या आजीला गरम जेवण परवडतं. (अंडं असतं, तेव्हा आपल्याला तिथेही विचारूनच खावं लागेल.) तिथलाही थाट काही नाही, पण तो दाखवण्यासाठी नाही. पैसा वाचावा आणि तो आजीच्या ताटात जावा, म्हणून तसं आहे.

पोलंड आपल्याला तसं परकं नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे 5,000 माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियातली हद्दपारी सोसून आलेली. त्यांच्या बराकींतही सामान थोडंच असणार. त्याला 'साधी राहणी' म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

आणि आपण काय करतो? शहरातली मंडळी पैसे मोजून चुलीवरची भाकरी खायला जातात आणि 'किती साधं, किती छान' म्हणतात. चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे धुरानं लाल झालेले असतात, तिला गॅस हवा असतो. दशलक्षण पर्वात आपण एकभुक्त राहतो, आणि धुणं-भांडी करणारीला सांगतो, 'खर्च कमी कर गं, साधं राहावं माणसानं.' तिनं आणखी कमी काय करायचं?

म्हणून आता कुणाच्या साधेपणाचं कौतुक ओठावर आलं, की मी आधी मनातल्या मनात विचारते, याला दुसरं काही निवडता आलं असतं का? आलं असतं, तर नमस्कार करावा. आलं नसतं, तर कौतुक राहू द्यावं आणि त्याला काय हवंय ते विचारावं. अपरिग्रह मी माझ्या कपाटाला लावीन. दुसऱ्याच्या रिकाम्या डब्याला तो शब्द लावायचा मला अधिकार नाही.