न सांगता केलेली दुरुस्ती

ओहायोतले माझे शेजारी आपल्या सोळा वर्षांच्या मुलासोबत १९५१ची शेवरलेट ३१०० पिकअप नव्याने बांधतायत. पुढचा अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे काढून मस्टँग-२ पद्धतीचं सस्पेन्शन बसवायचं आहे. त्यासाठी सी-आकाराच्या चासीवर पोलादी पट्ट्या वेल्ड करून ती आधी बंदिस्त करायची, मग नवा क्रॉसमेंबर. मूळ गाडी कापावी का, हा वाद मला फारसा छळत नाही.

छळतं ते वेगळंच. मुलाचा एक वेल्ड वरून देखणा होता, पण धातू आत वितळलाच नव्हता. क्रॉसमेंबरजवळचा असा जोड भर रस्त्यात सुटला तर जीवावर बेतेल. वडील मला हळूच म्हणाले, "तो झोपला की घासून पुन्हा करतो. उगाच हुरूप जायचा त्याचा." मी मान डोलावली. ऑफिसात ज्युनियरचा कोड मीही असाच रात्री गुपचूप दुरुस्त करतो आणि त्याला चांगुलपणा समजतो. पण मुलगा उद्या याच भरवशावर दुसऱ्या कुणाची चासी जोडेल. मग आम्ही जपलं ते त्याचं मन, की आमचा अवघड अर्धा तास?

सकाळी त्याने जोडावरून बोट फिरवलं. "हा माझा नाही ना?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.