देणाऱ्याचा हेतू आणि कामाचा हेतू



प्रेषित पौलाच्या चरित्रातील एक गोष्ट वाचताना सहज नजरेआड होते. फिलिप्पै येथील मंडळीने त्याच्या निर्वाहासाठी पाठविलेले साहाय्य त्याने आनंदाने स्वीकारले, आणि तेही एकदाच नव्हे. परंतु करिंथ येथे राहून सेवा करीत असता तेथील मंडळीकडून स्वतःसाठी त्याने काहीएक घेतले नाही. मग त्याच करिंथकरांपुढे यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी मात्र त्याने निःसंकोच हात पसरला. देणारे तेच, द्रव्यही तेच. पण एका कामी ते घेणे त्यास योग्य वाटले, दुसऱ्या कामी वाटले नाही. कोणाकडे मागावे व कशासाठी मागावे, हे दोन प्रश्न त्याने कधी वेगळे केले नाहीत.

आम्हां खेड्यांतील मंडळ्यांची रीत बहुधा उलट असते. बालवाडी काढावयाची असो, विहीर खणावयाची असो, की आजाऱ्यांस औषध द्यावयाचे असो, आम्ही प्रथम विचारतो, "पैसा कोणाकडे आहे?" खरा प्रश्न असा की, हे काम व्हावे अशी तळमळ कोणास आहे? पेण तालुक्यातील खारभूमीच्या शेतकऱ्यास हे समजावून सांगणे नको. भातास पाणी हवे म्हणून तो खाडीचे पाणी शेतात घेत नाही. बांध घालून, उघाडी बसवून तो खारे पाणी बाहेर ठेवतो व पावसाच्या पाण्याची वाट पाहतो. खाडीत पाण्यास तोटा नाही, पण ते त्या पिकाचे नव्हे.

ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राने विसरू नये. सन १८८७ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी त्यांच्या साहाय्यासाठी एक मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले. अट एवढीच होती की, विधवांच्या ह्या शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राखावी. ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ सल्लागार झाले. परंतु रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून बोभाटा झाला. सन १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

दोष कोणाचा, याचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. दोन्हीकडची माणसे सचोटीची होती. परंतु दात्यांनी देऊ केले होते एका रीतीच्या शाळेसाठी, आणि रमाबाईंचे अंतःकरण त्या चौकटीत मावत नव्हते. वचनाची दहा वर्षे सरल्यावर सन १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि नव्याने मंडळ उभे राहिले. केडगावचे मुक्ती सदन हे ख्रिस्ती सेवेचे काम आहे, हे आता उघड होते. ज्यास ते रुचले त्याने दिले. देणाऱ्यापाशी असलेले कामाचे चित्र व काम करणाऱ्याच्या मनातील चित्र एक झाले, म्हणजे अर्धे कलह आपोआप मिटतात.

दुसरे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई ह्या शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. सन १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापून अण्णासाहेबांनी लहानसहान वर्गण्यांवर वर्षानुवर्षे काम चालविले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली, आणि सन १९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले. इकडे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानच्या प्रवासात ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. सन १९२० मध्ये त्यांनी पंधरा लक्ष रुपये देऊ केले व आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास द्यावे असे सुचविले. दाता व सेवक या दोघांची नजर एकाच ठिकाणी लागली होती. पण ध्यानात घ्या की, ती मोठी देणगी येण्यापूर्वी चोवीस वर्षांचे काम लोकांच्या डोळ्यांपुढे उभे होते.

आता आजच्या काळाकडे वळू. कासूचेच उदाहरण घ्या. पनवेल-रोहे लोहमार्गावर पेण व नागोठणे यांच्या मधले हे स्थानक. नागोठण्यास मोठा पेट्रोरसायन कारखाना. समजा, अशा गावच्या एखाद्या मंडळीस दोन कामे करावयाची आहेत: कातकरी मुलांसाठी सायंकाळचा अभ्यासवर्ग, आणि प्रार्थनामंदिराच्या गळक्या छपराची दुरुस्ती. सन २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात व आसपासच्या भागास अग्रक्रम द्यावा लागतो. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी ही कामे त्या यादीत आहेत. उपासनेची जागा नाही. यास्तव अभ्यासवर्गासाठी कारखान्याकडे जावे आणि छपरासाठी आपल्याच मंडळीकडे. अभ्यासवर्गाच्या नावाने पैसा घेऊन त्याची कौले चढविली, तर छप्पर गळावयाचे थांबेल, पण आपली साक्ष गळू लागेल.

नियमांचीही माहिती असावी. कंपन्यांचा निधी घेणाऱ्या संस्थेस आयकर खात्याची नोंदणी लागते, निदान तीन वर्षांचे काम दाखवावे लागते, आणि सन २०२१ पासून केंद्र सरकारकडेही नोंद करावी लागते. लहान मंडळीजवळ हे नसेल, तर ज्या जुन्या संस्थेचा हेतू आपल्याशी जुळतो तिच्या हाताखाली काम करणे शहाणपणाचे होय. परदेशातील मित्रांकडून परवान्यावाचून काही घेऊ नये. आणि सन २०२० च्या दुरुस्तीनंतर तसा पैसा एका संस्थेने दुसरीस देणेही बंद झाले आहे.

परंतु सर्वांत जवळचा दाता आपण बहुधा विसरतो. गाडीने पनवेल-मुंबईस नोकरीसाठी गेलेला आपलाच मुलगा त्या वर्गातील मुलांस नावाने ओळखतो. त्याचे महिन्याचे शंभर रुपये परक्याच्या एकदाच आलेल्या हजारांहून अधिक काळ टिकतील. मकदोनियाच्या मंडळ्याही दरिद्री होत्या, तरी त्यांनी आपण होऊन वाटा मागितला.

शेवटची गोष्ट हिशेबाची. यरुशलेमेची वर्गणी नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला बंधू पाठविला, यासाठी की त्या मोठ्या रकमेविषयी कोणी बोट दाखवू नये. पौलासारख्यास हे आवश्यक वाटले, तर आम्हांस किती अधिक! प्रचारक बंधूंनो, किती मुले आली, किती गळाली, किती रुपये उरले, हे दात्यास न विचारता कळवा. काम फसले असेल तर तेही कळवा. आणि ज्याचा हेतू आपल्या हेतूशी जुळत नाही, त्यास नम्रपणे व आभार मानून नाही म्हणावयास शिका. तो निधी ज्या दुसऱ्या कामास शोभेल त्याचे नाव त्यास सांगा. तीही एक सेवाच आहे.

ज्याने पेरणाऱ्यास बी दिले तो देव आम्हांस योग्य देणारे व प्रामाणिक राखणारे देवो. आमेन.