परक्या सहीचा चेक

आमचे चिरंजीव गॅदरिंगमध्ये रॅप म्हणणार आहेत. "बाबा, तुमची यमकं बरी जुळतात. सोळा ओळी द्या लिहून. फक्त नाव माझं हं!" बी.कॉम. झाल्यापासून प्रथमच कोणी माझी गुणवत्ता ओळखली. मी लगेच पेन उघडलं.

तेवढ्यात न्यूयॉर्कचा बिग बँक हँक आठवला. (नावातच बँक, म्हणजे आपलाच माणूस!) १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट'मध्ये यानं ग्रँडमास्टर कॅझच्या ओळी म्हटल्या. कॅझनं त्यात स्वतःच्या टोपणनावाचं स्पेलिंग घातलं होतं, या पठ्ठ्यानं तेही जसंच्या तसं म्हटलं! रेकॉर्ड तुफान खपली, श्रेयात कॅझचं नाव नाही. आमच्या काउंटरवर असा चेक आला असता, तर 'सही जुळत नाही' म्हणून परतच केला असता.

पण वही कॅझनं आपखुशीनं दिली होती म्हणतात. मग हा बेअरर चेक समजायचा का?

मी म्हटलं, "अरे, रॅपमध्ये माणूस सारखं 'मी, मी' म्हणतो. तो 'मी' तुझा नको?"

"साहेबांची भाषणं कोण लिहितं, बाबा?"

मीच लिहितो. दहा वर्षं. टाळ्या साहेबांना पडतात, आणि पहिली टाळी माझी असते.