व्याकरणिक लिंग आणि नैतिक निवाडा

अल्गॉन्क्वियन भाषांचा विषय निघाला, की लेनर्ड ब्लूमफील्ड यांच्या ‘लँग्वेज’ (१९३३) या ग्रंथातील एक उदाहरण जवळजवळ अपरिहार्यपणे पुढे येते. उत्तर अमेरिकेतील क्री, ओजिब्वे, मेनोमिनी इत्यादी भाषांच्या या कुळात नामांचे वर्ग पुल्लिंग-स्त्रीलिंग असे नसून सजीव-निर्जीव असे आहेत. माणसे आणि प्राणी सजीव, हे अपेक्षितच. परंतु रासबेरी, अन्न शिजवण्याचे भांडे आणि गुडघा हेही सजीव, तर स्ट्रॉबेरी, वाडगा आणि कोपर मात्र निर्जीव. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात. पण त्या हसण्यामागे एक गंभीर प्रश्न असतो. गुडघ्यात जीव आहे आणि कोपरात नाही, असे हे भाषिक खरोखर मानतात काय? आणि व्याकरणातील वर्गवारीला जीवनदृष्टी समजून तिचा नैतिक निवाडा करता येईल काय?

या प्रश्नाची खरी कसोटी आपल्याकडे, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथील कोलामांची कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे, हैदराबादच्या मुलकी सेवेतले अधिकारी सेतुमाधवराव पगडी यांनी लिहिलेले तिचे व्याकरण १९५० मध्ये हैदराबादहून प्रसिद्ध झाले, एम. बी. एमेनो यांचा वर्धा भागातील कोलामीवरचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. एमेनो मूळचे कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे, म्हणजे अल्गॉन्क्वियन कुळातल्याच मिकमॉ भाषेच्या भूमीतले. (पगडींचे नाव आपल्याकडे इतिहासकार म्हणून घेतले जाते, वैयाकरण म्हणून क्वचितच, मराठी भाषाविज्ञानाच्या अनास्थेबद्दल यातून पुरेसे कळते.)

कोलामीत नामांचे दोनच वर्ग आहेत. मानवी पुरुष हा एक, आणि उरलेले सर्व हा दुसरा. ‘अम्द’ म्हणजे तो. ‘अद्’ म्हणजे ती आणि ते दोन्ही. बाई, बैल, दगड यांच्यासाठी सर्वनाम एकच, क्रियापदाचे रूपही एकच. गोंडीतील व्यवस्था अशीच आहे. तेलुगूत एकवचनी हीच विभागणी असून अनेकवचनात मात्र स्त्रिया पुरुषांबरोबर मनुष्यवर्गात जातात. तमिळ वैयाकरणांनी तर ‘तोल्काप्पियम’पासून नामांची उच्च आणि इतर अशी वर्गवारीच केली, तेथे मात्र स्त्री उच्च वर्गात आहे. मूळ द्राविड भाषेतील व्यवस्था कोलामीसारखी असावी असा एमेनो यांचा कौल होता, तर भद्रिराजू कृष्णमूर्ती यांचा कल तेलुगूसारख्या व्यवस्थेकडे होता.

कोलामीची ही माहिती मिळताच निकाल देण्याचा मोह होतो: जी भाषा स्त्रीला बैलाच्या आणि दगडाच्या पंक्तीस बसवते, तिच्या समाजात स्त्रीचे स्थान काय असणार? हा युक्तिवाद मान्य करायचा, तर तो सर्वत्र लावला पाहिजे. गोव्याच्या कोंकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी आहे. मराठीत ‘मूल’, ‘पोर’, ‘लेकरू’ नपुंसकलिंगी आहेत. संस्कृतात पत्नीवाचक ‘दार’ पुल्लिंगी व अनेकवचनी, ‘भार्या’ स्त्रीलिंगी आणि ‘कलत्र’ नपुंसकलिंगी. म्हणजे एकाच गृहिणीची एकाच घरात तीन लिंगे. उलट फारसी व तुर्की यांत व्याकरणिक लिंगच नाही. तेवढ्यावरून इस्तंबूल आणि इस्फहान येथे शतकानुशतके स्त्रीपुरुषसमता नांदत होती, असे कोणी म्हणणार नाही.

याच्या अगदी उलट वागणूक अल्गॉन्क्वियन भाषांच्या वाट्याला आली आहे. रॉबिन वॉल किमरर यांनी ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’ (२०१३) मध्ये त्या कुळातील पोटावाटोमी भाषेची सजीव-निर्जीव व्यवस्था निसर्गाशी आप्तभावाने वागण्याची शिकवण म्हणून वाचली आहे. त्यांच्यासाठी ती पूर्वजांकडून हिरावली गेलेली भाषा आहे. त्या वाचनामागील आर्तता खोटी नाही. तथापि पद्धती तीच आहे. व्याकरणावरून नीती वाचायची. ओजिब्वेची वाचली की प्रशस्ती मिळते, कोलामीची वाचली की दूषण. निकाल पुराव्यावरून ठरत नसून आधी कोणाविषयी आदर बाळगायचा यावरून ठरतो. आपल्याकडच्या देशीवादी चर्चेतही हा दोष मधूनमधून डोकावतो. मानववंशशास्त्रज्ञ ए. इर्व्हिंग हॅलोवेल यांनी एका वृद्ध ओजिब्वे गृहस्थाला विचारले होते, की भोवतीचे सारे दगड जिवंत आहेत काय. ओजिब्वेत दगड सजीववर्गी आहे. वृद्धाने बराच विचार करून सांगितले, की सगळे नाहीत, काही आहेत. त्याच्या भाषेने त्याचा विचार संपवला नव्हता.

मग व्याकरण संपूर्णतः निरपराध मानावे काय? पतंजलीची भूमिका जवळपास अशी आहे. खाट आणि वृक्ष यांना स्त्रीत्वाची वा पुरुषत्वाची शरीरचिन्हे नाहीत, म्हणून व्याकरणातील लिंग लौकिक लिंगाहून वेगळे मानले पाहिजे, आणि ते लोकव्यवहारावर सोडावे, असे महाभाष्यात येते. हे मला ग्राह्य वाटते, परंतु अपुरे वाटते. व्याकरण जे बोलायलाच लावते त्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर नसते. जेथे दोन रूपांतून एक निवडता येते तेथे ती सुरू होते. कोलामी बोलणारा आईला ‘अद्’ म्हणतो तेव्हा त्याने काहीच निवडलेले नसते, म्हणून तेथे अवमान संभवत नाही. तेलुगूत मात्र बाईसाठी ‘आमे’ हे आदरार्थी रूप उपलब्ध असताना ‘अदि’ म्हटले तर तो अवमान ठरू शकतो. रूप त्याच जातीचे. पण शेजारी पर्याय उभा राहिला की अर्थ पालटतो.

हा निकष मराठीला लावला की आपली अडचण सुरू होते. ‘बाबा आले’, पण ‘आई आली’. ‘अहो बाबा’, पण ‘अगं आई’. हे काही लिंगव्यवस्थेने लादलेले नाही, कारण ‘आई आल्या’ हे रूप व्याकरणाला पूर्णपणे मान्य आहे आणि सासूसाठी आपण ते नेमाने वापरतो. जवळीक म्हणून एकेरी, हे समर्थन आईपुरते पटतेही. पण मग बापाशी जवळीक नको काय, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

हाच निकष भाषेच्या सीमेवरही लागू होतो. किनवटच्या शाळेत कोलाम मुलाला मराठीची तीन लिंगे शिकावी लागतात आणि लिंगाची चूक केली की ती लाल शाईने दुरुस्त होते. ती चूक त्याच्या मातृभाषेच्या व्यवस्थेतून आलेली असते. तिच्यात कोणाचा अनादर नसतो. त्याच मुलाच्या वृद्ध आजोबांना बाजारात वा कचेरीत कोणी ‘अरे, इकडे ये’ म्हणतो तेव्हा ते मराठी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. ‘अहो’ म्हणण्याचा पर्याय त्या बोलणाऱ्यापाशी होता.