दोन जंगलांमधली गावं

जावा बेटावरचा वाघ समुद्रामुळे संपला नाही. सतरा हजारांहून अधिक बेटांच्या इंडोनेशियात जावा, सुमात्रा आणि बाली या तीन बेटांवर वाघ होते. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा ही बेटं आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेली होती. पुढे पाणी चढलं, वाघ तिकडेच राहिले आणि चहूबाजूंनी समुद्र असताना हजारो वर्षं जगले. त्यांचा घात केला तो विसाव्या शतकाने. शिकार झाली, जंगल तोडून भातशेती आणि सागाच्या लागवडी वाढल्या. १९७० च्या दशकात जावाचे अखेरचे वाघ पूर्वेकडच्या मेरू बेतिरीच्या जंगलात उरले होते. बेटाच्या आत एक आणखी लहान बेट तयार झालं, आणि त्या बेटावर वाघ टिकला नाही. बालीचा वाघ त्याआधीच गेला होता. आज इंडोनेशियात वाघ आहे तो फक्त सुमात्रात.

ताडोबाच्या मोहर्ली गेटपाशी पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा असं काही मनात येत नाही. ताडोबात वाघ भरपूर आहेत आणि ते दिसतातही. पण पूर्व विदर्भाचा आणि भोवतालचा नकाशा समोर ठेवला की हिरवे ठिपके दिसतात: ताडोबा-अंधारी, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, पेंच, टिपेश्वर, सीमेपलीकडे तेलंगणातलं कव्वल आणि छत्तीसगडमधलं इंद्रावती. हाही द्वीपसमूहच आहे. ताडोबाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. भोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं बफर, आणि त्यात मोहर्लीसारखी अनेक गावं. त्यापुढे कोळशाच्या खुल्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र, महामार्ग, कालवे, आणि जंगल चिरत जाणारा गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग.

१९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन शास्त्रज्ञांनी बेटांच्या जीवसृष्टीचा सिद्धान्त मांडला. बेट जितकं लहान आणि इतर भूमीपासून जितकं दूर, तितक्या कमी जाती तिथे टिकतात. मग अभ्यासकांच्या लक्षात आलं की शेतांनी वेढलेल्या जंगलालाही हाच नियम कमीअधिक प्रमाणात लागू होतो. अशा तुटलेपणाचा परिणाम ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात दिसतो. तिथले वाघ इतर वाघांपासून तुटले, आपसातच प्रजनन होत राहिलं, आणि एका जनुकातल्या बदलामुळे पट्टे एकमेकांत मिसळलेले काळपट वाघ तिथे मोठ्या प्रमाणात दिसू लागले. २०२१ मध्ये संशोधकांनी ते जनुक शोधून काढलं. २०२४ मध्ये ताडोबाच्या परिसरातून दोन वाघिणी तिथे नेण्यात आल्या, वाहनात घालून. पायी जाण्याची वाट जिथे बंद होते, तिथे असा उपाय करावा लागतो.

वाट उघडी असली तर वाघ काय करतो, हेही आपण पाहिलं आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण नर बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. शेतं, रस्ते, नाले ओलांडत, तेलंगणात जाऊन परत येत, तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला तेव्हा तेराशे किलोमीटरहून अधिक चालला होता. या वाटेत त्याला किती गावांनी जाऊ दिलं असेल!

आपला द्वीपसमूह इंडोनेशियाहून इथेच वेगळा आहे. बाली आणि शेजारचं लोंबोक बेट यांच्यामधलं पाणी कोणाच्या मर्जीवर चालत नाही. ताडोबा आणि गडचिरोली यांच्यामधला समुद्र मात्र माणसांचा आहे. ब्रह्मपुरीचे धानाचे बांध, वैनगंगेचा काठ, पलीकडे आरमोरी, वडसा. वाघ या वाटेने जातात-येतात आणि इथल्या जंगलात पिल्लंही वाढवतात. याच जंगलात माणसं चैत्रात मोहफुलं वेचतात, वैशाखात तेंदूपत्ता तोडतात, आणि वाकून काम करणारं माणूस वाघाच्या तावडीत सापडतं. दरवर्षी मरणं होतात. रानडुकरासाठी तारेत सोडलेल्या विजेने वाघही मरतात.

मग मागणी होते, कुंपण घाला. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी ती करणं मी चूक म्हणणार नाही. पण कुंपण पूर्ण झालं की बेटही पूर्ण होतं, आणि त्याचा शेवट काय होतो ते जावाने दाखवलं आहे.

मला खरा अन्याय वेगळ्या ठिकाणी दिसतो. मोहर्लीला वाघ पोसतो: गाईडचं काम, जिप्सी, हॉटेलं, होमस्टे. ज्या गावांतून वाघ फक्त जातो, तिथे ना गेट ना पर्यटक. तिथे उरतं ते रात्री रानात पाणी द्यायला जाण्याचं भय आणि मेलेल्या गाईचा पंचनामा. बेटं सांभाळायला आपण पैसा आणि कायदा दिला. बेटं जोडणाऱ्या लोकांना बहुतेक वेळा नुसतं सहन करायला सांगितलं.

या लोकांवर विश्वास टाकायला आधार आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. ग्रामसभेने बांबूवर रोजगार उभा केला, आणि तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, म्हणून ते उत्पन्न आपणहून सोडलं. असा निर्णय गाव तेव्हा घेतं, जेव्हा जंगल त्याच्या हातात असतं.

म्हणून पर्यटनाच्या पैशातला ठरलेला वाटा भ्रमणमार्गावरच्या गावांना मिळायला हवा. शेतीला दिवसा वीज हवी, भरपाई हेलपाट्यांविना हवी, आणि खाण, रस्ता किंवा कालवा मंजूर होण्याआधी तिथल्या ग्रामसभेचं मत घेतलं गेलं पाहिजे. ताडोबाचा वाघ पुढची शंभर वर्षं टिकेल का, हे या गावांना वाघ परवडतो की नाही यावर ठरणार आहे. तो त्यांना परवडावा, ही जबाबदारी वाघाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या सगळ्यांची आहे.