कॅमेरा उरला, चित्र कुठे?

मुंबईत पेडर रोडवर पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महल नावाचा जुना बंगला आहे. तिथे आणि शेजारच्या नव्या इमारतीत भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ च्या जानेवारीत खुलं झालं. मी नुकतीच तिथे पहिल्यांदा गेले. मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा जमाना, प्रादेशिक चित्रपट असं दालनामागून दालन पाहताना ऊर भरून येतो. पण एक प्रश्न काही केल्या पाठ सोडत नाही: इथे मांडलेल्या कॅमेऱ्यांनी जे टिपलं, त्यातलं आज आपल्याला काय पाहता येतं?

‘आलम आरा’ १९३१ चा, आपला पहिला बोलपट. त्याची छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत. चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. मूकपटांची अवस्था याहून वाईट. त्या काळची नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेई, आणि आपल्या दमट हवेत न पेटताही कुजत जाई. आधी चिकट होई, मग तिची तपकिरी भुकटी. पण सगळा दोष हवेवर ढकलणं बरोबर नाही. थिएटरातून उतरलेला चित्रपट मालकाच्या लेखी गोदामातली अडगळ होता, आणि फिल्मवरची चांदी काढून विकली तर चार पैसे सुटत होते. पुढे जपणूक सुरू झाल्यावरही २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी चित्रपट कायमचे गेले.

उरलं ते कुणीतरी दारोदार हिंडलं म्हणून. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हसाठी पी. के. नायर यांनी चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबाकडून जुनी रिळं मिळवली. त्यामुळे १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो. त्याच्या सुरुवातीला फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते. पुढे तीच कृष्ण होते. शंभर वर्षांपूर्वीची ती मुलगी पापण्या हलवते, हसते, आणि आपण नकळत पुढे सरकून बसतो. हा अनुभव काचेआडचा कोणताही कॅमेरा देऊ शकत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की, सिनेमाच्या संग्रहालयाची खरी इमारत म्हणजे फिल्मसाठीची थंड, कोरडी कोठी. तिचं उद्घाटन गाजत नाही, तिथे शाळांच्या सहली येत नाहीत. तरी पैसा आणि माणसं आधी तिथे लागायला हवीत. दालनं नंतरही सजवता येतील.

टेलिव्हिजनच्या बाबतीत तर घाईच करायला हवी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ‘गजरा’, ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमांनी घडवलेली पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. टेप महाग, म्हणून प्रसारणानंतर पुसून पुन्हा वापरायची, ही रीत तेव्हा जगभर होती. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग असेच गमावले. मात्र त्या हरवलेल्या भागांचा आवाज शिल्लक आहे, कारण प्रेक्षकांनी तो घरच्या घरी टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता.

आपल्याकडेही व्हीसीआर आल्यावर लोकांनी नाटकं, मुलाखती, गाण्यांच्या मैफली टीव्हीवरून उतरवून घेतल्या. त्या कॅसेट अजून माळ्यांवर, कपाटांच्या वरच्या फळीवर पडून आहेत. त्यांना बुरशी धरते, चुंबकी थर सुटतो, आणि त्या चालवणारी यंत्रं आता कुणी बनवत नाही. घर रिकामं करताना पहिली रद्दीत जाते ती या कॅसेटची पिशवी. संग्रहालयाने तिकीटखिडकीशेजारी आणखी एक खिडकी उघडावी: कॅसेट आणून द्या, आम्ही तिची प्रत करून घेऊ, तुमची तुम्हाला परत. सोबत साल, कार्यक्रमाचं नाव, घरात कुणी रेकॉर्ड केलं, एवढं लिहून घ्यावं. अशी सोय पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरातही हवी, आणि कॅसेट जपणारी माणसं आपल्यात आहेत तोवर हवी.